वर्गणी जमली, आता शाळेसाठी काय घ्यायचं?

एप्रिल-मे महिन्यात एखादा तरी फोन येतोच. "गुरुजी, शाळेसाठी वर्गणी जमलीय. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्या पोरांनी मनावर घेतलंय. तो बोटाने चालणारा मोठा टीव्ही घ्यावा की टॅब घ्यावेत?" निवृत्त केंद्रप्रमुखाला सहसा कोणी काही विचारत नाही, मला लोक हे एवढं एक विचारतात. प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावं, म्हणून हा लेख. शाळा व्यवस्थापन समितीतले पालक, वर्गणी देणारे माजी विद्यार्थी आणि ज्यांच्या गळ्यात ते यंत्र पडणार आहे ते शिक्षक, या तिघांनी तो वाचावा.

आधी माझं मत सांगून टाकतो. येत्या दहा वर्षांत शाळा बदलेल, पण भिंतीवरच्या पडद्याने ती फारशी बदलणार नाही. बदल होईल तो कोणतं मूल नेमकं कुठे अडलंय हे शिक्षकाला त्याच दिवशी कळण्याने. चाळीस मुलांच्या वह्या तपासून हे कळायला चांगल्या शिक्षकालाही पंधरवडा लागतो, आणि तोवर धडा पुढे गेलेला असतो. हे काम यंत्र खरोखर हलकं करू शकतं. म्हणून कोणतीही वस्तू घेताना एकच पाहायचं: हिच्यामुळे गुरुजींना मुलाचं अडलेलं ठिकाण दिसणार आहे का? की मुलांना नुसतं चित्र दिसणार आहे?

माझ्या केंद्रातल्या एका शाळेत पासष्ट इंची पॅनल, म्हणजे तो बोटाने चालणारा टीव्ही, आलं होतं. उद्घाटनाला नारळ फुटला, फेटे बांधले गेले, वर्तमानपत्रात फोटो आला. सहा महिन्यांनी भेटीला गेलो तर पॅनल मुख्याध्यापकांच्या खोलीत, कडेचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं. वर्गात ठेवलं तर खिडकीला गज नाहीत, चोरीला गेलं तर जडवस्तू नोंदवहीत नाव मुख्याध्यापकांचं. वसुली त्यांच्याकडून होणार या धास्तीने त्यांनी ते कुलपात ठेवलं होतं. मी त्यांना दोष दिला नाही. वर्गणी काढताना गजांचा खर्च कोणी धरलाच नव्हता.

शाळेत असं यंत्र येणं नवं नाही. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर देशातल्या सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत उपग्रहावरून दूरचित्रवाणी पोचवण्याचा 'साइट' प्रयोग झाला. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम असत. १९८४ साली पुण्यात मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी ही संस्था सुरू झाली, २०१७ मध्ये बंद पडली. २००७ मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैराट या वाडीतल्या शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. त्याच योजनेची पेरू देशातल्या ३१९ ग्रामीण शाळांत रीतसर तपासणी झाली. मुलागणिक संगणक भरपूर वाढले, पण भाषा आणि गणिताच्या गुणांत फरक पडला नाही. कारण साधं होतं. लॅपटॉप दिले, पण शिकवण्यात त्यांचं नेमकं काम काय, हे कोणी ठरवून दिलं नव्हतं.

याच्या उलट निकाल दिल्लीत मिळाला. तिथे २०१५ च्या सुमारास सहावी ते नववीच्या मुलांना शाळेनंतर एका केंद्रात बसवून आठवड्यातले सहा दिवस रोज दीड तास शिकवलं. निम्मा वेळ 'माइंडस्पार्क' नावाच्या संगणक-कार्यक्रमावर, निम्मा वेळ छोट्या गटात माणसाकडून. कार्यक्रम आधी मुलाची चाचणी घेई आणि जिथे पाय ठेवायला जमीन सापडेल तिथून सुरू करी. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत ठळक प्रगती दिसली. पण मला त्याहून मोलाची वाटते ती या अभ्यासातली दुसरी नोंद. सहावीत बसलेली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, आणि एकाच वर्गातल्या मुलांमध्ये पाच-सहा इयत्तांचं अंतर होतं. ज्यांना ही मदत मिळाली नाही, त्यांतल्या तळाच्या तिसऱ्या हिश्श्याने त्या काळात काहीच प्रगती केली नाही. म्हणजे पाठ्यपुस्तक पुढे सरकत राहिलं आणि ती मुलं होती तिथेच बसून राहिली. आपल्या सातवीच्या वर्गात मागच्या दोन बाकांवर काय चाललेलं असतं, हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

तेव्हा पैसे बाजूला ठेवा आणि आधी एक सकाळ काढा. दुसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाला एकेकटं बोलावून वाचायला लावा: अक्षरं, साधे शब्द, चार ओळींचा परिच्छेद, मग छोटी गोष्ट. गणितात अंकओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणं. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत वर्षानुवर्षं हीच पद्धत वापरतात. एका मुलाला दहा मिनिटंही लागत नाहीत. समितीतल्या दहावी-बारावी झालेल्या आया हे काम उत्तम करतात, मी करून घेतलंय. एका कागदावर इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे नावं मांडा. चौथीतली चार मुलं शब्दांवर अडलीत आणि दुसरीतली एक मुलगी गोष्ट घडाघडा वाचतेय, हे त्या कागदावर दिसेल. काय विकत घ्यायचं ते हा कागद सांगतो. विक्रेता नंतर.

आता खरेदी. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या लहान शाळा बहुधा द्विशिक्षकी असतात. एक गुरुजी पहिली-दुसरी घेऊन बसले की तिसरी-चौथी 'पाढे लिहा' म्हणून मोकळी सोडलेली. नाहीतर उलटं. अशा शाळेने पॅनल घेतलं तर दोन्ही वर्ग एकाच पडद्यापुढे बसतात आणि निम्म्या मुलांना ते कळत नसतं किंवा आधीच येत असतं. अशा ठिकाणी सहा-आठ टॅब, तेवढेच कानावर लावायचे हेडफोन, एक कुलपाचं कपाट आणि एकावेळी सगळे चार्ज होतील असा बोर्ड, एवढं पुरतं. गुरुजी एका गटाला शिकवत असताना दुसरा गट आपापल्या पातळीचं करत बसतो, वीस मिनिटांनी गट बदलतात. हेडफोनवर पैसे वाचवू नका. सहा टॅब एकाच वेळी मोठ्याने बोलू लागले की तिसऱ्या दिवशी गुरुजी ते कपाटात टाकतात.

मोठ्या माध्यमिक शाळेची गोष्ट वेगळी. पेशीविभाजन, ज्वालामुखी, सूर्यमालेतल्या गती शिकवताना पडदा मोलाचा आहे. खडूने काढलेल्या आकृतीत हालचाल येत नाही. तिथे पॅनल घ्या, पण एकाच खोलीत ठेवून त्या खोलीचं वेळापत्रक करा. प्रोजेक्टर स्वस्त पडतो असं वाटतं, पण साध्या दिव्याच्या प्रोजेक्टरचा दिवा तीन ते पाच हजार तासांत जातो आणि पत्र्याच्या शाळेत भर दुपारी त्याचं चित्र दिसत नाही. घ्यायचाच तर एलईडी किंवा लेझरचा घ्या.

विजेचा हिशेब मात्र वर्गणीच्या पहिल्याच बैठकीत मांडा. असं पॅनल साधारण दोनशे वॅट घेतं. दीडशे अँपिअर-तासाची एक बॅटरी आणि इन्व्हर्टर असेल तर ते पाचेक तास चालतं, म्हणजे शाळेचा दिवस निघतो. एक किलोवॉटचं सौर पॅनल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतं, त्यात टॅब, पंखे आणि पॅनल आरामात भागतं. पावसाळ्यात थोडं कमी. पटावर ठरणारं शाळा अनुदान उशिरा येतं, त्यातून खडू, झाडू, रंगरंगोटी आणि वीजबिल सगळंच भागवायचं असतं. मीटर तोडून नेलेल्या 'डिजिटल' शाळा मी पाहिल्यात. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या तर मोजल्याच नाहीत. वर्गणीतला किमान चौथा हिस्सा वस्तूवर खर्च न करता वीज, दुरुस्ती आणि विम्यासाठी बँकेत ठेवा, हा माझा ठरलेला सल्ला. लोकांना तो आवडत नाही, कारण बँकेतल्या रकमेसमोर उभं राहून फोटो काढता येत नाही.

विक्रेता आला की तो रंगीत चित्रफीत दाखवील. ती बघा, चहा पाजा, आणि मग त्याला विचारा. इंटरनेट बंद असताना हे चालतं का? बालभारतीच्या चालू पुस्तकाशी जुळतं का, की दुसऱ्याच कुठल्या अभ्यासक्रमाचं भाषांतर आहे? पहिल्या वर्षानंतर दरवर्षी किती पैसे? तालुक्याच्या गावी दुरुस्ती होते का, की वस्तू मुंबईला पाठवायची? मुलगा चुकला तर नुसती लाल फुली दिसते, की कशात चुकला ते शिक्षकाला दिसतं? शेवटच्या प्रश्नाला बरेच जण अडखळतात. 'अहवाल मिळतो' म्हणतील, तो अहवाल उघडून दाखवायला सांगा. त्यात किती मिनिटं वापरलं एवढंच असेल तर त्याचा शिक्षकाला काडीचा उपयोग नाही.

आणि जे फुकट आहे ते आधी वापरून पाहा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत मिळतात. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आहेत, ते २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' मंचावरच्या साहित्याकडे नेतात. पुस्तकात असा कोड घालण्याची कल्पना माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी राबवली, आणि २०२० चा 'ग्लोबल टीचर प्राइझ' त्यांना मिळाला तेव्हा ती जगभर गेली. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची शाळा संदीप गुंड या शिक्षकामुळे डिजिटल शाळा म्हणून नावाजली. दोन्ही ठिकाणी लोक वस्तूंकडे बघायला जातात. मी म्हणतो, त्या वस्तू हाताळणाऱ्या माणसाकडे बघा. शिक्षकाला स्वतःला खटपट करायची हौस आणि मुभा होती, म्हणून ते झालं. आज शिक्षकाच्या मोबाइलवर एवढ्या लिंका, एवढी माहिती, एवढे फोटो मागितले जातात की नवं काही करून बघायला त्याच्याकडे उसंत उरत नाही. पालकांनी समितीच्या सभेत हा विषय काढला तर शिक्षक उघड बोलणार नाहीत, पण मनातून दुवा देतील.

आता सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एआयकडे येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि दोन वर्षांत ते आठवीच्या पोरांच्या गृहपाठात शिरलं. निबंध एका रात्रीत सुधारले, अक्षर तेच राहिलं, त्यावरून आम्ही ओळखायचो. याबाबत तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. गणिताच्या सरावाला ज्यांना एआय मोकळं दिलं होतं, त्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. मग ते काढून घेऊन परीक्षा घेतली, तर त्यांना इतरांपेक्षा १७ टक्के कमी गुण पडले. तिसऱ्या गटाला तेच यंत्र दिलं होतं, पण उत्तर न सांगता शिक्षकांनी आखून दिलेल्या खुणा फक्त सुचवायच्या असं बांधून. त्या गटाचं नुकसान झालं नाही. घरी आपण तेच करू शकतो. मुलाने आधी वहीत स्वतः प्रयत्न करायचा, अडलं तर 'उत्तर नको, पुढची एक पायरी सांग' असं विचारायचं, आणि शेवटी यंत्र बंद करून तसंच दुसरं उदाहरण आईबापांसमोर सोडवून दाखवायचं. आईला गणित येत नसलं तरी चालतं. मुलगा समजावून सांगतो की गडबडतो, हे तिला बरोब्बर कळतं.

शिक्षकांना मात्र एआय आजच हाताशी धरायला मी सांगेन. एकच गोष्ट तीन पातळ्यांवर लिहून घेणं, पंचवीस वेगवेगळी भागाकाराची उदाहरणं काढणं, आपल्याच गावच्या बाजाराच्या भावांवर शाब्दिक गणितं बनवणं, ही कामं रात्री दहा वाजता करायला लागायची ती पाच मिनिटांत होतात. पण छापण्याआधी डोळ्यांखालून घाला. मराठी लिहिताना ही यंत्रं लिंग चुकवतात, हिंदी शब्द घुसडतात, इतिहासात तर बेधडक थापा मारतात.

ऐकणाऱ्या यंत्रांचं भविष्य मला जास्त मोठं वाटतं. मूल मोठ्याने वाचतं, यंत्र ऐकतं आणि अडलेला शब्द सांगतं. गूगलने २०२० मध्ये 'रीड अलाँग' आणलं तेव्हा त्यात मराठी होतीच. पहिली-दुसरीच्या मुलाकडून रोज दहा मिनिटं वाचून घेणारं कोणीतरी हवं असतं. ते 'कोणीतरी' शेतावर नाहीतर ऊसतोडीला गेलेलं असतं. इथे यंत्र खरंच उपयोगी पडेल. फक्त त्याचे कान पुण्याचे असू नयेत. 'पाणी'ला 'पानी' म्हणणारं मूल वाचनात चुकलेलं नसतं. अहिराणी, कातकरी, कोरकू बोलणाऱ्या घरातल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात यंत्राने दहा वेळा 'पुन्हा प्रयत्न कर' म्हटलं, तर ते मूल पुस्तकालाच घाबरेल. आकड्यांचंही तसंच. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'त्रेसष्ट'च्या जोडीने 'साठ तीन' आलं तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता! आता मुलं दोन्ही म्हणतात, यंत्राला दोन्ही कळतं का ते तपासून घ्या. खरेदीआधी आपल्याच शाळेतल्या पाच मुलांना त्याच्यापुढे बसवा, एवढी साधी कसोटी आहे.

घरच्या मोबाइलविषयी थोडक्यात. 'असर २०२४' मध्ये १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात त्याचा अभ्यासासाठी उपयोग केलेली ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी केलेली ७६ टक्के. बहुतेक घरांत फोन एकच, तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री आठला परत येतो. म्हणून 'घरी जाऊन व्हिडिओ पाहा' असा गृहपाठ देऊ नका, विशेषतः मुलींना, कारण रात्री फोन भावाच्या हातात जातो. आठवड्यातून दोन संध्याकाळी शाळा किंवा समाजमंदिर तासभर उघडं ठेवून शाळेचेच टॅब तिथे वापरू द्या. कोणी बसायचं त्याची पालकांनी पाळी लावावी.

आणखी एक गोष्ट पालक विसरतात. ॲपवर मुलाचं नाव, फोटो, आधार क्रमांक, आवाज असं काय काय भरलं जातं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकांची खातरजमा होईल अशी संमती हवी असं म्हटलंय, आणि मुलांवर पाळत ठेवायला किंवा त्यांना नेम धरून जाहिराती करायला मनाई केलीय. सराव करायला आधार क्रमांक लागत नाही. मागितला तर देऊ नका. शक्य असेल तिथे हजेरी क्रमांकावर खातं उघडा.

हे सगळं ठरवायचा अधिकार तुमचाच आहे, तो मागायला कुठे जायची गरज नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात असं सांगितलंय, आणि शाळेचा विकास आराखडा करणं हे समितीचं काम आहे. जूनमध्ये त्या पातळीच्या कागदावर तारीख घाला, दिवाळीच्या सुटीआधी तीच चाचणी पुन्हा घ्या आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी भिंतीला लावा. 'शब्दां'वरची चार मुलं 'परिच्छेदा'वर गेली असतील तर आणखी टॅब घ्या. हलली नसतील तर यंत्र बंद करून कारण शोधा, आणि गुरुजींवर खेकसू नका. बहुतेक वेळा कारण एवढंच निघतं की हेडफोन तुटलेत आणि नवे आणायला पैसे कोणाकडे मागायचे हे ठरलेलं नाही.

येत्या सभेच्या विषयपत्रिकेत पॅनलची खरेदी तिसऱ्या क्रमांकावर टाका. पहिला विषय वीजबिल, दुसरा खिडक्यांचे गज.